हवा की पाणी

रात्री एक चाळीस. विडी घरकुल, दुसरी गल्ली.
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसताच फिरतोय.
स्क्रीनवर एक उंचवटा :
सव्वा सेकंदाचा, चढताना घाईत,
उतरताना जरा रेंगाळलेला.
गॅमा किरणांचा स्फोट असाच दिसतो.
असंच इतरही बरंच काही दिसतं.

तौसीफ बेंगळुरूहून विचारतो, "पाठवायचं का?
दुर्बिणी वळवायच्या तर आत्ताच,
उजाडेपर्यंत विझून जाईल."
मी म्हणते, थांब, मोजू दे.

मोजायला अम्माने शिकवलं.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
कारखान्यात चेकर मूठभर उचलायचा,
छाट म्हणून बाजूला टाकायचा,
छाटाचे पैसे नसत.
एकदा त्यातली एक तिने पदरात लपवून आणली,
दिव्याखाली फिरवफिरवून पाहिली.
दोष कुठे होता
ते तिला अजून कळलेलं नाही.

मीही छाटते.
एकाच कणाने दोनदा मारलेले ठोके काढले,
उगाच बडबडणारा एक पिक्सेल काढला.
उंचवटा बसला :
सहा सिग्मावरून चार पॉइंट तीन.
डिटेक्टरचे चार भाग, दोन बोलतात,
एक पुटपुटतो, एक गप्प.
दुसरा उपग्रह नेमका तेव्हा पृथ्वीच्या आड.
म्हणजे साक्षीदार होता, पण मोरीत.

"काय करलालीस गं इतक्या रात्री?"
अम्मा उठलीय. माझ्यासाठी नाही.
आज पाचवा दिवस, पाणी यायचा.
अंगणातल्या नळाला ती कान लावते.
आत सूं सूं, मग गुडगुड, मग एक खाकरा.
"आलं वाटतं," मी.
"हवा हाय," ती म्हणते,
आणि तरी घागर नळाखाली सरकवते.

तेवढ्यात वीज जाते.
मागच्या शेडमधले सोळा माग
एका दमात गप्प.
इतकं ऐकू येतं की कान दुखतात :
चिलवेरींच्या आजोबांचा खोकला,
लांब होटगी रोडला एक ट्रक.
नळातलं सूं सूं मात्र नाही.
ते नळातलं होतं की मागांचं?
अम्मा माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.
आभाळाची वीज अशी घालवता आली असती
पाच मिनिटं, फक्त पाच,
तर मी तौसीफला काहीतरी ठाम सांगितलं असतं.

बॅटरी अकरा टक्के. लिहिते :
संशयित. पुष्टी नाही.
दिशा अंदाजे, चूक बारा अंशांपर्यंत.
ज्यांची दुर्बीण मोकळी असेल त्यांनी बघावं.
"संशयित" खोडते. पुन्हा तेच लिहिते.
मोबाइलच्या नेटवरून हळूहळू जातं.

चारला उठून पाहिलं तर
घागरीच्या तळाशी ओंजळभर पाणी.
नळाचं तोंड कोरडं.
"परवाचंच असंल," झोपेतून अम्मा.
मी बोट बुडवलं.
गार होतं.
पण घागर तर रात्रभर बाहेरच होती.