दुसरी गोळी

गराजच्या कोपऱ्यात, वॉटर हीटरशेजारी,
सुतारी बाकाला बोल्ट मारून बसवलेला प्रेस.
जेवणं उरकली की मी दांडा खाली ओढते,
वर सोडते.
पितळी पुंगळी आत जाताना कुरकुरते.
साठीत शिकले हे. मनगट सत्तरीचं आहे.

लेम्ही नदीच्या या खोऱ्यात
एकतीस वर्षं खेचरांची माळ हाकली.
शिकाऱ्यांचे तंबू, पीठ, बटाटे,
एकदा एक लोखंडी शेगडी, चार पाय बांधलेली,
सगळं डोंगरावर चढवलं.
कमरेला मॅग्नम असायची.
लोक विचारत, अस्वलांसाठी का?
मी हो म्हणायचे. लांबण कोण लावणार.

अस्वल एकदाच आलं, भांडी बडवली तर गेलं.
बंदूक खेचरांसाठी होती.
खडकात पाय अडकून मोडला, हाड बाहेर आलं,
आणि डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर,
तेव्हा जनावराला आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते
आणि ती नीट द्यायची असते.

ज्युनिपरला मी ती नीट दिली नाही.

दुकानातली काडतुसं, डब्यावर जबडा उघडलेलं अस्वल.
त्या उन्हाळ्यात सरावाला असे दोन डबे झाडले होते,
हाताने त्यातून एक धडा घेतला होता, चुकीचा:
चाप हलायच्या आधीच दचकायचं.
मला पत्ता नव्हता. हाताला होता.
कपाळ हातभर अंतरावर.
तरीही.
ज्युनिपर माझ्याकडे बघत राहिली
दुसऱ्या गोळीपर्यंत.

एल्सवर्थ टँडी शेजारी, विजेच्या खांबांवर हयात गेली,
डाव्या कानाने ठार बहिरा.
त्याने सगळं ऐकलं, म्हणाला,
"आर्डिथ, तुला जोर हवाय की नेम?"
जुना तराजू दिला, कोष्टकांचं पुस्तक दिलं:
या आकड्याखाली उतरायचं नाही,
त्या आकड्यावर चढायचं नाही.
मधली जागा तुझी.
जाताना भिंतीवर खडूने लिहून गेला:
दारूजवळ दारू नाही.

मधली जागा केवढी? गुंजभर, दोन गुंजा.
तेवढ्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

वहीत आहे:
नऊ मार्च. वारा. सहा गोळ्या बशीएवढ्या जागेत. अंगठ्याचं मूळ ठणकलं.
चोवीस मार्च. दुसऱ्या जातीची दारू, शिशाची गोळी. ठणका नाही.
पण विखुरल्या, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा.
अकरा एप्रिल. पुंगळीचं तोंड जरा घट्ट आवळलं. कपाच्या तोंडाएवढं.
अठरा एप्रिल. काही नाही. बर्फ. मोजे धुतले.
दोन मे. चार गोळ्या एका नाण्याखाली, दोन बाहेर.
बाहेरच्या दोन माझ्या. काडतुसांचा दोष नाही.

त्या दोन आत यायला जून लागला.
एल्सवर्थ मधेच मला न सांगता रिकामी पुंगळी भरायचा.
चाप ओढला, आवाज नाही,
आणि नळी मात्र खाली झुकलेली.
"बघ," म्हणायचा. "काडतूस गप्प आहे. बोललं कोण?"

आता हात गप्प आहे.
धक्का येतो, पण दारावर ओळखीच्या माणसाने
थाप मारावी तसा.

सप्टेंबरात माळ घेऊन टॅमसिन रूर्क जाईल,
तेवीस वर्षांची, माझ्याहून बरी गाठ मारते.
तिच्यासाठी पन्नास भरली, प्रत्येक तोललेली,
डब्यावर चित्र नाही.
चिठ्ठीवर तारीख, वजन, आणि खाली:
जिथे बघशील तिथे जाते.
एकही लागू नये.
लागलीच, तर एकच लागावी.

ती डबा हलवून म्हणाली, अस्वलांसाठी ना?

मी खुर्ची ओढून दिली.
या वेळी लांबण लावली.
कॉफी दोनदा गार झाली.