तारखेचा शिक्का

आमच्या मांडवीच्या ग्रंथालयात काचेची जमीन;
वरच्या मजल्यावरची पावलं खालून दिसतात.
त्या काळ्या बाईच्या कादंबरीची चिठ्ठी उघडली:
फेब्रुवारी, फेब्रुवारी, मग नुसतं कोरं, परत फेब्रुवारी.
महिनाभर टेबलावर मान, मग कपाट.

यंदा टेबल उचललंच नाही.

श्रावणात रेवती बिऱ्हाडे, दुसरी ब,
कुरळ्या केसांच्या मुलीचं चित्रपुस्तक नेताना:
"हिला तेल थापून वेण्या घालत नाहीत?"

दसऱ्यानंतर तिचे आजोबा, नवायार्डातून सायकलवर.
भिंगाखाली एकच पान धरून:
"यांचाही नळ वेगळा होता, साहेब? इतक्या लांब?"
थांबले. भिंग सदऱ्याला पुसलं.
"पुढचा भाग आहे का?"

नव्हता. दुसऱ्या एका बाईचं दिलं.
शिक्क्याचं चाक कुरकुरत
ऑक्टोबरवर आलं.