परतीचा बाण

देवनारच्या आमच्या कचेरीत अख्खा देश
तीन चौकोनांत राहतो :
कधीच न ओढणारे, ओढणारे, सोडलेले.
मधून बाण. बाणांवर दशांश चिन्हापुढे तीन आकडे.
दर एक जानेवारीला सगळे एका वर्षाने वाढतात
आणि काही जण चौकोन बदलतात,
शेजाऱ्यांना न सांगता.

चौथा चौकोन कागदावर मावला नाही.
त्याच्याकडे तिन्हींतून एकेक बाण जातो.
तिकडून काही येत नाही.

रेषा दोन हजार पन्नासपर्यंत उतरते.
दोन्ही अंगांना अनिश्चिततेचा पट्टा,
यंदा बोटभर, पुढे वीतभर.
राखाडी नको, डॉ. मंत्री म्हणाले,
धूर वाटतो, लोक हसतील.
मी मोरपंखी केला.

रेषा का उतरते, ते रेषा सांगत नाही.
कुणी सोडली तरी उतरते,
कुणी गेला तरी.

फाटकाबाहेर टपरीवर लायटर सुतळीला टांगलेला.
रहाटे शिपाई तिथे सुटी सिगारेट घेतो,
अर्धी विझवून खिशात ठेवतो.
मॅडम, तुमच्या हिशेबात मी कुठल्या साली सोडतो?
एकट्याचं नाही सांगता येत, म्हटलं,
कोटीभर माणसं असली तर सांगते.
मग कोटीत धरा की मला.
तो श्रावणात सोडतो.
भाद्रपदात धरतो.
सोडलेल्यांकडून ओढणाऱ्यांकडे परत येणारा बाण
आम्ही मागच्याच महिन्यात खोडला होता.
तळटीप : विदा अपुरी.

मी कॉलेजात असताना आमच्याही घरी पाहणी आली होती.
रे रोडची खोली, दुपार,
दादा बर्फाच्या कारखान्यात.
घरातल्या पुरुषांचं कोण सांगेल?
आई पुढे झाली.
सोडली त्यांनी. गणपतीत दोन वर्षं होतील.
बाईंनी तिसऱ्या चौकोनात खूण केली,
पाणी पिऊन पुढच्या दाराला गेल्या.

दादा गेल्यावर तेराव्याला
पाण्याच्या मीटरचं झाकण मी उचललं.
प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटी, तीन विड्या, कोरड्या ठाक.
आई मागेच उभी होती.
ठेव तिथेच, म्हणाली.
तेव्हा कळलं, त्या दुपारी ती खोटं बोलली नव्हती.
तिने अंदाज वर्तवला होता,
पट्टा न काढता.

एका माणसाने रेषा हलत नाही.
हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते.

काल सगळे गेल्यावर परतीचा बाण पुन्हा काढला.
आकडा काय घालावा सुचेना. अंदाजाने घातला.
शेवटचं टोक केसभर वर गेलं.
मंत्री आज विचारतील, आधार काय?

खाली रहाटे खिसे चाचपत उभा आहे.
आषाढ संपायला अजून चार दिवस.