उजवा डोळा, साखरी नाटे

अकरा वाजले की नाट्याहून डोळे येऊ लागतात.
आधी नुसता राखाडी चौकोन,
मग वरून खाली, रेघ रेघ करत
नारिंगी गोल भरत जातो.

आज अर्ध्यावर अडकलाय
उस्मान सोलकरांचा उजवा डोळा.
"मॅडम, खिडकीपाशी सरकवते टेबल,
तिथं रेंज येते," शमिका फोनवर.
मागे कुणी खोकतं. बर्फ फोडल्याचा आवाज.
मी थांबते, रत्नागिरीत, गार चहा पीत.

आला.
ओहोटीनंतर पुळणीवर उरलेल्या ओहळांसारख्या शिरा,
आणि मधोमध, जिथं नको तिथंच,
रक्ताचे तीन ठिपके.

"साखर किती त्यांची?"
"मोजलीच नाही म्हणतात.
म्हणतात, जाळ्याचं भोक दिसतंय ना मला,
मग डोळ्याला काय धाड भरलीय?"

मी लिहिते: लेझर. याच आठवड्यात पाठवा.
बटण दाबते. चक्र फिरत राहतं.

चेहरा मी कधी पाहिलेला नाही.
रविवारी मिरकरवाड्याच्या जेटीवर
सुतळी दातांनी तोडणारा एक म्हातारा दिसला,
बघत राहिले त्याच्या डोळ्यांत,
बाहेरून.
बाहेरून काही कळत नाही.
"नाट्याचे का तुम्ही?"
"नाय. काय झालं, बाय?"
काही नाही म्हणत मी पापलेटांकडे वळले,
कल्ले सोडून आधी त्यांचेही डोळेच तपासले.

फोन थरथरतो.
शमिका: आता डावा पाठवतेय.