अकरा तास

डुलुथला उतरलो तेव्हा सरोवर अर्धं गोठलं होतं,
अर्धं अजून ठरवत होतं.
आम्ही तिघं, तीन दिवसांसाठी,
समुपदेशक घडवणारा एक विभाग तपासायला.
पेट्रोस्की बाई आकडे बघणार, वेंडेल अभ्यासक्रम,
माझ्याकडे ‘विद्यार्थी व पर्यवेक्षण’,
म्हणजे उरलेली माणसं.

पहिला दिवस कागदांचा.
एका शिक्षकामागे विद्यार्थी किती?
साडेअकरा, म्हणाल्या पेट्रोस्की बाई,
आणि तो अर्धा विद्यार्थी मला दिवसभर दिसत राहिला,
दारात उभा, आत येऊ का विचारत.
इंटर्नशिपचे तास सहाशे,
पैकी दोनशे चाळीस समोर माणूस बसलेला असताना.
शोक हा विषय मंगळवारी, साडेपाच ते आठ,
खोली दोनशे चौदा.
उशिरा येणाऱ्यांचे गुण कापले जातात.

दुसऱ्या दिवशी मी काचेमागे.
आमच्या बाजूनं दिसतं, त्यांच्या बाजूनं आरसा.
पलीकडे एक मुलगा ऐकण्याचा सराव करत होता.
फॉर्मवर रकाना: ‘अल्प प्रोत्साहक प्रतिसाद, वारंवारता’.
मी खुणा करत गेले. पाच. सात.
आठव्या खुणेला पेन थांबलं:
अगं, हा तर हुंकार!
गोष्ट ऐकणाऱ्यानं द्यायचा असतो तो.
नाही दिला तर सांगणारा विचारतो, झोपलास का रे?
एवढ्यासाठी दोन वर्षं आणि चाळीस हजार डॉलर.
हसू आलं.
मग समोरची बाई रडायला लागली
आणि मुलानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला नाही,
नुसता तिच्या हाताला लागेल असा राहू दिला.
याला रकाना नव्हता. मी आठवी खूण केली.

संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबर बैठक, गार पिझ्झा.
सगळ्यांनी सगळं छान सांगितलं.
शेवटी ब्रिजेट ओयाला एकटी मागे राहिली, खोकी दुमडत.
माझे अकरा तास कशात बसत नाहीत, म्हणाली.

गुरुवारी चार वाजता यायचा एक जण.
मार्चमध्ये गेला.
नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
क्लिनिकनं ती वेळ कुणाला दिली नव्हती अजून,
म्हणून ती जाऊन बसायची, चार ते पाच,
त्याच्या खुर्चीसमोर.
वहीत काय लिहू? समोरासमोर तर नाही.
दोन गुरुवार अशी.
तिसऱ्याला डॉ. टेट आल्या,
सत्तावीस मैल बर्फातून गाडी हाकत.
त्याच्या खुर्चीत नाही बसल्या.
बाहेरून तिसरी ओढत आणली, तिचा एक पाय करकरत होता.
काही बोलल्या नाहीत.
पाच वाजता म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी येऊ?
अशा नऊदा.
अकराव्या गुरुवारी ब्रिजेटच म्हणाली,
आता खोली देऊन टाकू या.

हे कुणाला सांगू नका हं, म्हणाली
आणि खोकी घेऊन गेली.

रात्री हॉटेलात पेट्रोस्की बाईंचा मसुदा वाचला.
‘त्रुटी, क्रमांक चार:
डॉ. इमोजीन टेट, वसंत सत्रात
विभागाच्या नऊ बैठकांना अनुपस्थित.
वार गुरुवार. कारण नोंदवलेलं नाही.’
हे काढता येईल का, मी विचारलं.
पुरावा आहे?
आहे, पण माझा नाही.
मग राहू दे, म्हणाल्या त्या, आणि चष्मा पुसला.
त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अहवाल वाचून दाखवायचा.
नियम असा की आम्ही वाचायचं,
त्यांनी ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही.
चौथी त्रुटी माझ्या वाट्याला आली.
मी ‘अनुपस्थित’ म्हटलं
आणि उगाच पाणी प्यायले.

टेबलाच्या टोकाला डॉ. टेट,
बोटांत पेन्सिल, नजर माझ्याकडे,
ब्रिजेटकडे नाही.
हं, म्हणाल्या.
पुढचं वाचा.