बेडूकमासा

पुस्तकात त्याला भैकेर म्हणतात,
आमच्या सोनोरीत बेडूकमासा.
डोईफोडे मॅडमना शब्द आवडला.
त्यांनी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला,
हिरव्या पेनानं.

पुण्यातल्या या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं शिपाई.
पूर्वी बेडूक पोत्यातून यायचे,
पोतं ओलं ठेवणं माझ्याकडे.
बुधवारी सकाळी बॅच. मेणाचे ट्रे, टाचण्या,
छाती उघडली तरी हृदय चालत राहायचं थोडा वेळ,
पोरी तोंड फिरवायच्या, पोरं उगाच हसायची.
संध्याकाळी बादली मी रिकामी करायचो.
किती होते, कुणी मोजलं नाही.

आता मोजतो.
साडेसातला पालक उकडतो, बिनमिठाचा,
चुरून सहा ट्रेमध्ये सारखा वाटतो.
बायको म्हणते, घरी कधी चहा तरी टाकलात?

ट्रे नंबर चारचं पाणी मीच आणलं,
दिवे घाट उतरताना कॅन मांडीवर,
वळणावळणाला आत कुणीतरी कूस बदलावी तसं.

अंजिराच्या पानावर तांबेरा दिसला
की चांगदेव, बायकोचा भाऊ, पाठीला पंप बांधतो.
औषध मारायचं, असंच म्हणतो आम्ही.
कुणी मरावं, असं त्यात मनात नसतं.
ड्रम धुतो तो बांधाजवळच्या खड्ड्यात,
आणि त्याच खड्ड्यात बेडकीनं अंडी घातलेली,
भिजल्या साबुदाण्यात एकेक काळा ठिपका.
म्हटलं, डब्यावर काय लिहिलंय, वाचलंस?
म्हणाला, मुंगीएवढी अक्षरं, दाजी,
मुंगीलाच विचारा.
वर, हे बुरशीचं औषध आहे,
बेडकाचा काय संबंध?

मलाही माहीत नव्हता.

आधी मागचे पाय येतात, मुगाला मोड यावा तसे.
पुढचे आतच तयार होतात;
एक दिवस कोपर कातडीला ढुशी देतं
आणि हात बाहेर.
मग शेपूट. मला वाटायचं, ती गळून पडते.
सत्तावीस वर्षं वाटायचं.
मॅडम म्हणाल्या, गळत नाही काका, अंगातच जिरते.
तेवढे दिवस तो पालकाला तोंड लावत नाही,
स्वतःच्या शेपटीवर जगतो.

अडतिसाव्या दिवशी ट्रे एकमधला पहिला
दगडावर चढून बसला,
नखाएवढा, आणि चेहऱ्यावर म्हाताऱ्याची नाराजी.
मी जाळी टाकायला धावलो.

ट्रे चारमध्ये एकावन्नाव्या दिवशीही मोड ते मोडच.
शेपटी एका अंगाला वळलेली;
पुढे जायला जावं तर गोल फिरायचे,
गोल फिरून पालकाशी पोचायचे,
आणि खायचे, खूप खायचे.
अंगानं ट्रे एकवाल्यांच्या दुप्पट.
शब्दात बेडूक आधी येतो, मासा नंतर.
इथे बेडूक आलाच नाही.

मॅडमनी आकडे लिहिले, पेन बंद केलं.
एका खड्ड्यावरून काही सिद्ध होत नाही, काका,
पुढच्या वर्षी पुन्हा करू, तीन गावांतून पाणी आणू.
मी म्हटलं, कॅन मोठा लागेल.

डिसेंबरात चांगदेव आला, खट्टा बहाराची टोपली घेऊन,
वर अंजिराचीच पानं झाकलेली.
मॅडमनी दोन खाल्ले, उभ्यानंच. छान आहेत म्हणाल्या,
आणि खरंच छान होते.
तो म्हणाला, पास झाले का तुमचे बेडूक?

मी कपाटातली बाटली काढून त्याच्या हातात दिली.
लेबल मी लिहिलं होतं, मुद्दाम ठळक.
त्यानं मोठ्यानं वाचलं, शाळेतल्यासारखं:
सोनोरी. बांधाजवळचा खड्डा. ट्रे चार.
बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली,
जरा हलवली,
आतला एका अंगाला फिरला.

बराच वेळ बघून म्हणाला,
दाजी, हा कुठला मासा?

मी नळ सोडला
आणि धुतलेले अंजीर पुन्हा धुवायला घेतले.