फ्रीजवरची यादी

सप्टेंबरात कांद्याच्या वेण्या माळ्यावर टांगून झाल्या
की आमच्याकडे यादी लिहितात.
विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर, शिसपेन्सिलीने,
म्हणजे खोडायला बरं.
पेइप्सी तळं तेव्हा अजून उघडं असतं,
वाऱ्याला माशांचा आणि ओल्या दोराचा वास.
बर्फाआधी करायचं ते, बर्फात करायचं ते,
सगळं एका दमात ठरतं.

मी लिहिलं : हातमोजे, पाच जोड्या.
(गेल्या वर्षी साडेतीन झाल्या होत्या.
ती अर्धी जोडी आवोच्या वाट्याला.
अख्खा जानेवारी त्याचा एक हात मोज्यात, एक खिशात.
दुकानदारीण विचारायची, हाताला काय झालं?)

आवोने लिहिलं : होडीला डांबर.
मग जरा थांबून : अकॉर्डियन. एक तरी धून, शेवटपर्यंत.
तावेतने लिहिलं : अठ्ठेचाळीस पक्षी.
अठ्ठेचाळीसच का?
वहीला तेवढीच पानं आहेत.
मामंजींनी चष्मा शोधला, मिळाला नाही,
म्हणाले, माझं आपलं तेच लिही, गेल्या वर्षीचं.
गेल्या वर्षीचं काय ते कुणालाच आठवेना.
मी लिहिलं : तेच.

आणि लेन्नाने, वय वर्षं चार, अक्षरओळख नाही,
सगळ्यांच्या खाली एक गोल काढला.
नीट जुळला नाही.
एका बाजूला बोटभर फट.

हे काय गं?
माझं, म्हणाली.

नोव्हेंबरात गोलावर चर्चा झाली.
तावेत म्हणाला, मासे धरायचं बर्फातलं भोक.
आवो म्हणाला, पाव.
मामंजी म्हणाले, कांदा. दुसरं काय असणार या गावात?
मला वाटलं सूर्य,
पण साडेतीनला अंधार पडत होता, मी बोलले नाही.

तळं गोठलं. मामंजी स्टूल घेऊन बर्फावर जाऊन बसू लागले,
संध्याकाळी दोन पर्च आणि एक गप्प चेहरा घेऊन परत.
हेच ते "तेच" असावं.
होडी तशीच राहिली, पालथी, बर्फाखाली,
मेलेल्या गाईसारखी.
अकॉर्डियन रोज त्याच वळणापर्यंत यायचं
आणि तिथे अडायचं.
त्या वळणाआधीच कुत्रा उठून बाहेर जायला शिकला.
त्याचं तेवढं यादीत नव्हतं, पण पूर्ण झालं.
तावेत एकतीसवर. त्यातले दोन बहुधा एकच कावळा.

फेब्रुवारीत मी एकदा चिडले.
म्हटलं, कशाला लिहायचं, कुणी बघतं तरी का?
तेव्हा कळलं, यादी फ्रीजवर नव्हतीच.
चुंबक सुटून मागे पडली होती,
किती दिवस, देव जाणे.
झाडूच्या दांड्याने काढली : धूळ, एक वाटाणा,
आणि माझा हरवलेला मोजा, उजवा.
म्हणजे चार जोड्या.

मग मार्चमधली एक संध्याकाळ, मंगळवार असेल.
मी बटाटे सोलून चुलीवर ठेवले होते,
आवो त्या वळणाशी झटत होता,
मामंजी चष्मा शोधत होते,
तावेत आंघोळ टाळत होता.
लेन्ना खुर्ची ओढत आली, चढली,
हिरव्या खडूने आपल्या गोलापुढे
बरोबरची खूण केली. मोठी.

झालं, म्हणाली.
काय झालं?
माझं.

मी तो दिवस पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला.
सकाळी राईची पेज. दुपारी लोकर गुंडाळली,
तिने हात ताठ धरले होते, कंटाळली नाही.
कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही.
रात्री तळ्यावर बर्फ तडकल्याचा आवाज झाला,
लांबून, तोफेसारखा,
पण तेव्हा ती झोपली होती.

आवोला विचारलं, तो म्हणाला, पाव.
तावेत म्हणाला, मलाही असं लिहिता आलं असतं.

खूण त्या फटीतून आत शिरली आहे,
निम्मी गोलात, निम्मी बाहेर.
ऊन पडलं की हिरवा खडू चमकतो.

बटाटे मात्र त्या दिवशी खाली लागले.